साचेबाबाची रुई

निंबखेडच्या महादेवाच्या देवळापुढं त्या सोमवारी इतकी माणसं लोटली होती, की पिंडीला पाणी घालायला आलेल्या गुरवालाच आत शिरायला वाट मिळेना. बाळापूरच्या रस्त्यानं गाड्या आल्या, आडवाटेनं गाड्या आल्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, गाडीवानांच्या डोक्यांवर कोरे करकरीत फेटे. सातासमुद्रांपलीकडं कुठं तरी गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला होता. मातीला भाव आला की तिच्यातून साधूही उगवू लागतात. निंबखेडला साचेबाबा उगवला त्याला दोन महिने झाले होते.

बाबा ओट्यावर वाघाच्या कातड्यावर बसला होता. कातडं वाघाचंच होतं म्हणे. वाघ मात्र फार लहानपणी वारला असावा. पुढं पेटलेली समई, एक लोखंडी चिमटा आणि मांडीवर भगवी झोळी.

"बोलो बच्चा, सच बोलो!" बाबा डोळे फिरवून ओरडला. "सच की रुई कभी न जले, झूठ की रुई पल में जले! बोलो महादेव की..."

"जय!" सगळं आवार दणाणलं.

बाबाचा चमत्कार असा. दोघांचं भांडण आलं की बाबा झोळीत हात घालून एकेकाला रुईचा एकेक बोळा द्यायचा. त्यानं तो चिमट्यात धरून आपलं म्हणणं देवासमोर बोलायचं आणि बोळा समईच्या ज्योतीवर न्यायचा. खोटं बोलणाऱ्याचा बोळा भपकन पेटायचा. खरं बोलणाऱ्याचा काळवंडायचा, धुमसायचा, पण पेट म्हणून घ्यायचा नाही. कापूस पेटत नाही! ज्यांच्या सात पिढ्या कापसात गेल्या, त्यांच्या डोळ्यांदेखत कापूस पेटत नव्हता. बांध कोणी कोरला, शेजाऱ्याच्या गंजीतला कडबा कोणी ओढला, सारे निवाडे बाबाच्या समईवर होऊ लागले. एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात येत नव्हती. गावाला जो आधीपासूनच खोटा वाटायचा, नेमका त्याचाच बोळा पेटायचा. त्यामुळं गाव खूश होतं. देव आपल्याच मताचा आहे हे कळल्यावर कोण खूश होणार नाही?

आजचं दिव्य मात्र बांधाचं नव्हतं, कडब्याचंही नव्हतं. आज एका माणसाचा निवाडा व्हायचा होता, की तो कोण आहे.

पहिल्या ओळीत पार्बताबाई बसली होती. पदराची गाठ सोडत होती, परत बांधत होती. चाळीस वर्षं ती रेच्यावर कापूस पिळत आली होती. लाकडाच्या दोन फिरत्या रुळांमधून सरकी अलीकडं पडते आणि रुई पलीकडं निघते, ते घरातलं यंत्र. चाळीस वर्षांत तिला एक खोड जडली होती. रुई हातात आली की ती आधी ओठांना लावायची. बोटांना कळत नाही इतकी ओल ओठांना कळते. यंदा तर गावोगाव ओला कापूस विकायची साथच आली होती. पाणी मारलेला कापूस वजनाला भरतो, आणि ओठ लावल्याशिवाय चोरी पकडता येत नाही. नत्थुजी पाटील तर ओल्या कापसाची गाडी दिसली की वेशीतूनच परत पाठवायचे. "कापसाले पानी लावनाऱ्याचं तोंड पाहू नये," असं म्हणायचे. आणि तेच नत्थुजी पाटील दर शनिवारी देवळाच्या मागं हात जोडून उभे राहायचे, कारण तिथं बाबा आपली रुई हंडीभर तीर्थात बुडवून 'पवित्र' करायचा आणि भिंतीवर वाळत घालायचा. कापूस ओला करणारा वाणी असता तर पाटलांनी त्याला झोडला असता. हा बाबा होता, म्हणून त्यांनी तीर्थ मागितलं. तेसुद्धा बाबानं दिलं नाही. म्हणाला, "ये तीर्थ पीने का नहीं."

पार्बताबाईचा एकुलता एक मुलगा गोवर्धन सात वर्षांपूर्वी कापूस लादलेल्या बैलांच्या तांड्याबरोबर मिर्झापूरला गेला होता. त्याच साली तिकडं उत्तरेत बंडाळी उसळली. तांड्यातले चार जण परतले, बाकीच्यांचं काय झालं ते महादेवाला ठाऊक. घरात सासू आणि सून दोघीच उरल्या. सून रुख्मिणी तेव्हा अठरा वर्षांची होती. दोघींनी मिळून काळं वावर वाहिलं, निंदलं, वेचलं. पार्बताबाई रोज संध्याकाळी वेशीपर्यंत जाऊन यायची. कोणी विचारलं तर म्हणायची, पाय मोकळे करून राहिली.

मागच्या सोमवारी तो आला. दाढी वाढलेली, एका पायानं जरा लंगडत. पार्बताबाईपुढं धाडकन पडला आणि म्हणाला, "माय, वळखलं नाही काय व? मी गोवर्धन!"

गुडघ्यावरचा विळ्याचा वण त्यानं दाखवला. हरण्या बैलाचं नाव सांगितलं. लहानपणी नदीत बुडता बुडता वाचला ती गोष्ट सांगितली. अंबाडीची भाजी मागून खाल्ली. पाटलांनी त्याला मिठी मारली, बायांनी ओवाळलं. पार्बताबाईनं सात वर्षांचं रडू एका दुपारी रडून घेतलं.

रुख्मिणीनं दारातूनच त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हे ते नाहीत."

त्याच पावली ती शेजारच्या माणिकबाईच्या घरी जाऊन राहिली. गाव तुटून पडलं. सात वर्षांत बाई बिघडली, वावर हातचं जाईल म्हणून नवऱ्याला नाकारते, असं जो तो बोलू लागला. शेवटी बाबानं डोळे मिटून कौल दिला: सोमवारी दोघांचं दिव्य. रुख्मिणीचा बोळा पेटला, तर तिनं त्याच दिवशी त्याच्या नावाचं कुंकू लावून घरात जायचं, आणि पाटील वावर त्याच्या नावानं करतील.

"आ बेटी, सामने आ," बाबानं हाक मारली.

रुख्मिणी उठली. काळी, उंच, वेचणीनं राठ झालेल्या हातांची. पदर डोक्यावर होता, पण मान खाली नव्हती.

"पोरी," नत्थुजी पाटील समजुतीच्या सुरात म्हणाले, "सारं गाव म्हनते का हा गोवर्धन हाये. मायनं वळखला. तू एकटी नाही म्हनते. खरं कोनाचं धरावं आमी?"

"सारं गाव त्याच्यासंगं नांदलं काय, पाटील?" रुख्मिणी म्हणाली. "मी नांदली."

बायांमध्ये खसखस पिकली आणि लगेच दबली.

"सात वर्सांत मानूस बदलते वो."

"मानूस बदलते. पायाचं बोट बदलते काय? त्यायचं अंगठ्याजवळचं बोट अंगठ्याहून लांब होतं. याचं आखूड हाये. पाहा ना!"

सगळ्यांनी वाकून त्या माणसाचे पाय पाहिले. त्यानं ते धोतरात ओढून घेतले.

"मिर्झापूरपर्यंत चालत गेला बिचारा," मागून कोणी तरी म्हणालं. "झिजलं असंल."

हे लोकांना पटलं! जोडा झिजतो तसं बोट झिजलं असेल, एवढं बोलून गाव मोकळं झालं. पार्बताबाई तेवढी काही बोलली नाही. तिला ते बोट आठवत होतं. न्हाऊ घालून तेलानं चोळलेल्या पायाचं बोट आई विसरते होय? पण आठ दिवसांपूर्वीच तिनं ते आठवायचं नाही असं ठरवलं होतं. दाढी, लंगडणं, बोट, सगळं तिनं मनातल्या मनात मिर्झापूरच्या रस्त्याच्या माथी मारलं होतं.

"अरे पगली!" बाबा हसला. "देह मिट्टी है. देह बदलता है, आत्मा नहीं बदलता. तू बोटं मोजते, आम्ही आत्मा पाहतो. आत्मा गोवर्धनाचा आहे!"

"असंल, महाराज," रुख्मिणी म्हणाली. "पन मले आत्म्यासंगं नाही राहा लागत, देहासंगं राहा लागते."

या बोलण्यावर पुरुषांनी कानांवर हात ठेवले आणि बायांनी एकमेकींकडं पाहिलं.

तेवढ्यात गर्दीच्या कडेला छत्री हलली. बाळापूरच्या सरकारी शाळेचे गोपाळकृष्णपंत, पगडी सावरत पुढं आले. किडकिडीत माणूस, आवाज बारीक, पण प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे.

"महाराज, एक विनंती आहे. हिचा बोळा त्याला द्या आणि त्याचा हिला. सत्य माणसात असेल, तर बोळे बदलल्यानं काय बिघडणार आहे?"

बाबाची नजर क्षणभर झोळीवर गेली. "पंतोजी, सत्य म्हणजे बाजारातली वांगी आहेत, हे नको ते दाखव म्हणायला? जिथं तर्क संपतो, तिथं श्रद्धा सुरू होते!"

"तर्क अजून सुरूच कुठं झालाय?" पंत म्हणाले. "मी देवाविरुद्ध बोलत नाही. मीही रोज संध्या करतो. पण देवाचं नाव घेऊन माणूस सांगतो, तेव्हा ते माणसाचंच सांगणं असतं, आणि माणसाचं सांगणं तपासून घ्यावं लागतं. तुम्ही कापूस घेताना तपासता, बैल घेताना दात पाहता. नवरा घेताना तपासायचं नाही?"

"पंतोजी, इंग्रजी बुकं वाचून धर्म बाटवू नका!" कोणी तरी ओरडलं. "हो, मांगं व्हा!" छत्रीसकट पंतांना मागं रेटलं गेलं. एका चपलेचा अंगठा तुटला. पण त्यांचं वाक्य गर्दीला मागं रेटता आलं नाही. ते पार्बताबाईच्या कानाशी येऊन बसलं, आणि तिला त्याचा रागच आला.

दिव्य सुरू झालं. बाबानं झोळीतून बोळा काढला, त्या माणसाच्या चिमट्यात दिला.

"मी गोवर्धन, पार्बताबाईचा लेक," तो म्हणाला आणि त्यानं बोळा ज्योतीवर धरला. रुई काळी पडली, धूर निघाला, पेटली नाही. महादेवाच्या नावानं आवार हललं.

मग रुख्मिणी. तिनं चिमटा घेतला नाही. बोळा उघड्या बोटांत धरला. "हा मानूस माझा नवरा नाही," ती म्हणाली आणि हात ज्योतीवर नेला. बोळा भपकन पेटला. बोटं भाजली. तिनं तो टाकला नाही, हातातच जळून राख होऊ दिला.

"झूठ!" बाबा गरजला. "जल गयी! देखो, जल गयी!"

"कुंकू आना!" पाटलांनी हुकूम सोडला.

"कुंकू आना, का विस्तव आना," रुख्मिणी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते बोटांसाठी नव्हतं. "मी त्याच्या घरात पाय नाही ठेवत. देव खोटा बोलला तर बोलला. मी नाही बोलनार."

देवाला खोटं म्हणणारी बाई निंबखेडनं कधी पाहिली नव्हती.

पार्बताबाई उठली ती वेगळ्याच कारणानं. तिला सुनेकडं पाहवत नव्हतं. ओट्यावर मुलाचा न जळलेला बोळा पडला होता. देवानं राखलेली रुई. तिनं ती उचलली, डोळ्यांना लावली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं ओठांना लावली.

तोंड आवळलं. जीभ टाळूला चिकटली. आवळा खाल्ल्यासारखी, पण आवळ्यासारखी मागून गोड न होणारी ती तुरट चव तिला परकी नव्हती, निंबखेडात कोणालाच परकी नव्हती. गावातल्या विहिरी खाऱ्या. प्यायचं पाणी नदीचं, आणि नदीचं पाणी गढूळ. घरोघरी माठात तुरटी फिरवल्याशिवाय पाण्याचा घोट घेता येत नसे, आणि हात जड पडला की दिवसभर तोंडाला हीच चव राहायची.

तिनं वाकून दुसरी चिमूट उचलली. रुख्मिणीच्या बोटांतून न पेटता गळालेले दोन तंतू ओट्यावर होते. ते जिभेवर ठेवले. साधी रुई. काही चव नाही.

तुरटीच्या पाण्यात भिजवलेली रुई. शनिवारची हंडी, भिंतीवर वाळणारा कापूस, न प्यायचं तीर्थ. आणि वण? हरण्या? नदी? बाबा गावात आला त्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या पायाशी बसून तिनं स्वतःच तर सारं सांगितलं होतं. बाबा विचारत होता, ती ओतत होती. कोणी विचारतंय याचंच तेव्हा सुख वाटलं होतं. एक गोष्ट तेवढी ती सांगायची विसरली होती. पायाचं बोट.

पार्बताबाई उभी राहिली. गप्प बसली असती तर चाललं असतं. कोणाला काही कळलं नसतं. घरात 'माय' म्हणणारं माणूस राहिलं असतं, चुलीपुढं बसून अंबाडीची भाजी मागितली असती. बोललं की मुलगा गेला. आणि या वेळी वेशीपर्यंत जाऊन वाट पाहण्याइतकाही उरणार नव्हता. तिनं त्या माणसाकडं पाहिलं. मग रुख्मिणीच्या भाजलेल्या बोटांकडं पाहिलं. ही पोरगी एकटी खरं बोलली आणि भाजली. आपण सगळं माहीत असून कोरड्या राहिलो. तिला स्वतःची शरम वाटली.

"बाबाजी," ती हात जोडून म्हणाली, "मलेबी दिव्य द्या. मी माय हाये. माझ्या तोंडून एकदा होऊ द्या, मंग या पोरीचंबी तोंड बंद होईल."

बाबाचा चेहरा उजळला. "शाबास माई! माँ की गवाही सबसे बड़ी!" त्यानं झोळीत हात घातला. उजवीकडं जाता जाता थांबला, डावीकडं वळला, आणि बोळा काढून दिला.

पार्बताबाईनं तो चिमट्यात धरला. ओट्यावर चढली. आणि रेच्याच्या खडखडाटावरून बोलायची सवय असलेल्या आवाजात म्हणाली:

"मी दिल्लीची बेगम हाये! माझं वय बारा वर्सं हाये! आन निंबखेडात यंदा कापूस पिकलाच नाही!"

आणि बोळा ज्योतीवर धरला.

काळा पडला. धूर निघाला. पेटला नाही.

मागच्या बाजूला एक म्हातारा हसला. त्याचं हसू दुसऱ्याला लागलं, दुसऱ्याचं तिसऱ्याला.

"हसता काय?" पार्बताबाई म्हणाली. "देवानं सांगितलं, मी बेगम हाये. मुजरा करा!"

बाबा घाईनं उठला. "माई, देवानं तुझी थट्टा पोटात घातली. देव दयाळू..."

"थांबा. दयाळू हाये तर आता पाहू." तिनं कमरेच्या ओटीतून आपल्या घरची रुई काढली, आजच सकाळी रेच्यातून निघालेली. चिमट्यात धरली. "माझं नाव पार्बता. मी निंबखेडची." ज्योतीवर नेताच रुई भपकन पेटली. "हे पाहा. माझं नावच खोटं निंगालं!"

आता हसणं थांबलं. गाव विचार करू लागलं, आणि गावाच्या चेहऱ्यावर विचार दिसायची ती बऱ्याच दिवसांनी आलेली वेळ होती.

"पाटील, इकडं या." तिनं पहिला काळवंडलेला बोळा नत्थुजींपुढं धरला. "चाखा."

"देवाची रुई कशी चाखू?"

"तुमी माझा कापूस नाही चाखत काय दर साली, ओला हाये का म्हनून? तसाच चाखा."

पाटलांनी जिभेला लावला. मिशांसकट त्यांचं तोंड गोळा झालं. "तुरटी!" ते म्हणाले. "अबे, तुरटी हाये ही!"

मग बोळा हातोहात फिरला. ज्यानं त्यानं चाखला, ज्याचं त्याचं तोंड वाकडं झालं. गोपाळकृष्णपंत एका पायात चप्पल घालून देवळाच्या मागं धावले आणि तीर्थाची हंडी उचलून घेऊन आले. तळाशी विरघळायची राहिलेली तुरटी होती, काठावर पांढरा थर बसला होता. वाघाच्या कातड्याखाली पुरचुंडी सापडली, तिच्यात सोनार वापरतात तो टाकणखार निघाला. झोळीला आतून मध्ये शिवण होती. डावीकडं भिजवून वाळवलेली रुई, उजवीकडं साधी.

"बाबा बाबा करून राहिले होते, मारा याले!" मघाशी सगळ्यांत मोठ्यानं जय म्हणणाराच सगळ्यांत आधी काठी घेऊन धावला.

पार्बताबाई बाबाच्या पुढं आडवी उभी राहिली. "कोनी हात नाही लावायचा! मारलं तर तुमी घरी जाऊन म्हनसान, एक भोंदू होता, मारला. आन पुढच्या साली दुसऱ्याच्या पाया पडसान. याच्या हातानं करून दाखवू द्या. साऱ्यायच्या समोर."

आणि बाबानं करून दाखवलं. काठ्या दिसत असल्या की साधूसुद्धा हिंदी सोडून निव्वळ मराठीत बोलू लागतो. "तुरटी आणि टाकणखार गरम पाण्यात मुरवायचा," तो पडेल आवाजात सांगू लागला. "रुई बुडवायची, पिळायची नाही, उन्हात वाळवायची. तुरटी तंतूवर बसते, मग रुई ज्योत धरत नाही." पंतांनी तिथल्या तिथं तशी रुई भिजवली, वाळवली आणि पहिल्या पाच माणसांकडून पाच ठसठशीत खोट्या गोष्टी वदवून घेतल्या. एकही बोळा पेटला नाही. नत्थुजी पाटील म्हणाले, "मी कधीच ओला कापूस इकला नाही," तेव्हा तर बाया पोट धरून हसल्या. मग बाबाला बाळापूरच्या ठाण्यावर नेण्यासाठी गाडीत बसवलं.

तो माणूस ओट्याच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. नाव चंद्रभान, राहणारा तापीकाठचा. बाबानं महिनाभर पढवलं होतं, वणसुद्धा बाबानंच तापल्या सळईनं उठवला होता. वावर विकायचं आणि दोघांनी पळायचं, असं ठरलं होतं.

पार्बताबाई त्याच्यापुढं उकिडवी बसली. सगळ्यांना वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"तू कोनी का असना," ती हळू म्हणाली. "एवढं खरं सांग. माझ्या पोराची काही खबर हाये काय तुले? कुठं आयकली, कोनी सांगितली? काहीबी?"

चंद्रभाननं मान वर केली. आठ दिवसांत पहिल्यांदा तो खरं बोलला.

"नाही, माय. मी त्याले कधी पाह्यलं नाही."

रुख्मिणी येऊन तिच्या शेजारी टेकली. सासूनं तिचे भाजलेले हात आपल्या मांडीवर घेतले आणि म्हणाली, "मले बोट याद होतं व. मी बोलली नाही. माझं चुकलं." रुख्मिणी सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि पार्बताबाईही रडली, गोवर्धनसाठी, या वेळी खरंखुरं.

नत्थुजी पाटील डोक्यावरचा फेटा काढून जवळ उभे होते.

"पार्बताबाई," ते म्हणाले, "गप राह्यली असती तर आमाले कोनाले काई समजलं नसतं. तुले पोरगा पाहिजे नव्हता काय?"

पार्बताबाईनं डोळे पुसले आणि पाटलांकडं सरळ पाहिलं.

"पाहिजे होता, पाटील. लय पाहिजे होता. म्हनून तर खोटा घेतला नाही."

आणि मग ती गावाकडं वळली. आवाज चढवावा लागला नाही. सगळे ऐकत होते.

"आयका. मी महादेवाले मानते. उद्याबी पानी घालायले येईन. पन महादेवानं तोंड देल्लं, जीभ देल्ली, डोळे देल्ले, ते दुसऱ्याच्या खुंटीले टांगून ठेवाले नाही देल्ले. कोनी म्हनंल देवानं सांगितलं, तर म्हना, दाखव. दाखवलं, तर म्हना, आता हातचं बदलून दाखव. सारं गाव म्हनते म्हनून ते खरं होत नाही. एकटी बाई म्हनते म्हनून ते खोटं होत नाही. आन आपल्याले जे लय खरं व्हावं वाटते ना, ते तर दोनदा चाखून पाहा. मी नव्हतं पाह्यलं. माझ्या सुनेची बोटं जळली तवा माझे डोळे उघडले. तुमच्या घरी कोनाची बोटं जळेपर्यंत वाट नका पाहू."

एवढं बोलून तिनं रुख्मिणीला उठवलं. पंतांनी तुटकी चप्पल हातात घेतली आणि दोघींना वाट करून दिली. गर्दी आपोआप बाजूला झाली. सासू-सून घराकडं निघाल्या. दुपार टळत होती आणि वावरात वेचणी राहिली होती.